सहावं बटण

पिएदादबाय आल्या त्या मासळीच्या पिशवीतून
चार रिमोट घेऊन. काउंटरवर ओतले.
एकाच्या पाठीला तारल्याचं खवलं,
एकाचं झाकण गेलेलं, सेल रबरबँडने धरलेले.
"ह्या सगळ्यांचो एक कर," म्हणाल्या,
जसं चार वाटण्यांचं पुन्हा एक घर करायचं असावं.

कुडचड्यात, पुलाच्या अलीकडे, माझं दुकान.
खाणी चालू होत्या तेव्हा लोक टीव्ही घ्यायला यायचे,
आता रिमोट घ्यायला येतात.
लाल धूळ मात्र अजून बटणांखाली सापडते,
स्पिरिटमध्ये बुडवलेली कानकाडी
गुलाबी होऊन निघते.

मी तीन मांडले.
हा दीडशेचा: बरोबर कोडांची यादी, अक्षर मुंगीचं,
कंपनी शोधा, चार आकडे दाबा,
दिवा दोनदा मिचकावला तर नशीब.
हा अडीच हजाराचा: काचेचा गुळगुळीत पडदा,
अंधारात चाचपून हाताला काही लागत नाही,
आणि रिमोट ही तर अंधारात चाचपायचीच वस्तू.
हा साडेसहाशेचा. याला काही येत नाही,
पण शिकवलं तर शिकतो.

त्यांनी तिसरा उचलला,
नारळासारखा कानाशी हलवून बघितला,
बटणं मोजली. एकेचाळीस.
"पुता, म्हाका स पुरो."

सहा म्हणजे कुठली?
टीव्ही लेकाने मस्कतहून पाठवलेला, त्याचं चालू-बंद.
केबलच्या बॉक्सचं पुढे आणि मागे.
डीव्हीडी टोंबोल्यात लागलेला, त्याचं एकच, नाताळापुरतं.
आणि आग्नेलाच्या अँप्लिफायरचं मोठा, लहान.

आग्नेल तारवटी. एकतीस वर्षं बोटीच्या इंजिनाशी.
कोबेहून तो अँप्लिफायर मांडीवर घेऊन आला
आणि कान तिकडेच ठेवून.

मग शिकवणी.
नवा आणि जुना डोक्यासमोर डोकं
काचेवर आडवे, मध्ये दोन बोटं अंतर.
नव्याचं बटण दाबायचं, मग जुन्याचं,
नव्याने डोळा मिचकावला की पाठ झालं.
हा उजेड दिसत नाही. मी मोबाइलचा कॅमेरा धरला
तेव्हा जुन्याच्या कपाळात
करवंदी ठिपका लुकलुकला.
बाय वाकून बघत राहिल्या. कॅमेऱ्यातून,
मग कॅमेऱ्याबाहेरून,
पुन्हा कॅमेऱ्यातून.

पाच झाली. सहावं बोलेना.
आवाज लहान करायचं. रबर झिजून तकतकीत,
बाण पुसलेला, पट्टीवरचा कार्बनच संपलेला.
पेन्सिलीचं शिसं घासलं,
चॉकलेटच्या चांदीचा तुकडा लावून बघितला,
मोबाइलमध्ये कपाळ काळंच.
शेजारचं मोठं करायचं बटण मात्र कोरं करकरीत.
तो उठून हातानेच पिळायचा, बाय म्हणाल्या,
आणि मी खाटेवरून…
अंगठ्याने हवेत दाबून दाखवलं,
आठ-दहा वेळा, भराभर.

मी म्हटलं, जुन्याला जे म्हणता येत नाही
ते नव्याला शिकवता यायचं नाही. पण थांबा,
त्या कंपनीचा कोड कुठेतरी असेल,
शोधून ठेवतो, सोमवारी या.

त्यांनी पर्समधून नेलपॉलिश काढलं, लाल.
पाच बटणांवर पाच ठिपके.
सहाव्यावर ब्रश धरला, थांबल्या,
बाटली बंद केली आणि पाचांवर फुंकर मारली.
"रावूं दी. आतां कोणाचो आवाज उणो करूं?"

साडेसहाशे दिले, सगळे सुटे.
जुने तीन टाकून दे म्हणाल्या.
चौथा पिशवीत गेला, सेलसकट.

रात्री जेवताना बातम्या लागल्या होत्या.
आवाज कमी करा, सुलक्षा म्हणाली.
मग पुन्हा म्हणाली.
मी रिमोट उचलला, बाण नीट आहे का बघितला,
आणि तिच्या ताटाशेजारी ठेवला.