माणशी दर

कुमासीत, असाफोच्या चढावर, टायरवाल्याला लागून
बादू मास्तरांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं.
होतं म्हणजे, शटर अजून आहे.
मास्तर गेले तेव्हा मागे उरला
अंगठ्यानं झिजलेल्या मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर,
आणि मी, जिला ते सतरा वर्षं एवढंच शिकवत होते:
"सेर्वा, आधी ऐक, मग खोल."

ते सगळं मी वेबसाइटवर लिहून काढलं.
टाका का सुटतो. पट्टा का घसरतो.
वाळवंटावरून हरमॅटन वारा सुटला की
बॉबिनच्या घरात धूळ नेमकी कुठे बसते
आणि ती तोंडानं का फुंकू नये.
फोटोही माझेच, नखांतल्या तेलासकट.

मावसभाऊ येबोआ म्हणाला, जाहिराती लाव.
लावल्या.
पहिल्या महिन्याचे चार डॉलर बारा सेंट.
शंभर भरल्याशिवाय हातात पडत नाहीत;
तोवर ते दुसऱ्याच्या घरी ठेवलेल्या कापडासारखे,
आपलेच, पण बेतता न येणारे.

एका रात्री देशवार तक्ता उघडला.
घाना: हजार माणसं, अठरा सेंट.
नॉर्वे: अकरा माणसं, बावीस सेंट.
वाटलं छपाईची चूक असेल.
वहीत भागाकार केला, मग उलटा गुणाकार.
एक नॉर्वेकर म्हणजे एकशे अकरा आम्ही.
बोल्गाटांगाचा शिंपी, टेचिमानची ती गणवेश शिवणारी,
वा गावातला एका पायानं पायडल मारणारा,
सगळ्यांना एका रांगेत उभं केलं तरी
त्या एका माणसाच्या खांद्याला लागत नाहीत.

येबोआ म्हणाला, "मग त्यांच्यासाठीच लिही की."

लिहिलं.
माळ्यावर आत्याचं काळं मशीन सापडलंय?
त्याचा नंबर कसा वाचावा.
सोनेरी वेलबुट्टी कशानं पुसू नये.
लोखंडी स्टँडवर कुंडी ठेवायची तर रंग कोणता.
जे मशीन पुन्हा कधीच शिवणार नाही
त्याची निगा कशी राखावी, हे मी शिकवलं
आणि त्याचेच पैसे आले.
तेलाच्या बाटलीचा दुवा दिला, विक्रीमागे सहा टक्के;
बाटली चांगली आहे, फक्त
आमच्या पत्त्यावर येत नाही.

मग एका कंपनीनं गुलाबी, खेळण्याएवढं मशीन पाठवलं.
"नवशिक्यांसाठी उत्तम" एवढं लिहा, तीनशे डॉलर.
मी आधी ऐकलं.
खोलावं लागलंच नाही.
तरी नकार कळवायला मी दोन दिवस लावले.
त्या दोन दिवसांत मनातल्या मनात
छताचे पत्रे बदलून झाले होते, मोजून चौदा.

आता असं चाललंय:
कुंडीवाल्या पानांवर जाहिराती राहू दिल्यात,
उजवीकडे, डावीकडे, मध्येही.
बॉबिनच्या पानावरच्या काढून टाकल्या.
येबोआला वाटतं मी दानधर्म करते.
मी फक्त हिशेब पूर्ण केला:
जाहिरातींसकट ते पान उघडायला
टेचिमानच्या बाईचा जेवढा डेटा जळायचा,
त्याची किंमत
मला तिच्यामागे मिळणाऱ्या पैशाहून जास्त होती.
तिच्या खिशातून काढून
मला त्यातला एक धागा देणं,
याला कमाई कोण म्हणेल?

पानाच्या तळाशी माझा फोन नंबर आहे.
इस्टरच्या आधी, शाळा उघडायच्या आधी
तो रात्री फार वाजतो.
परवा साडेअकराला वा गावाहून आला.
नमस्कार नाही, नाव नाही.
त्यानं फोन मशीनजवळ धरला
आणि पायडल मारलं.
खड् खड् खड्, मग एक रिकामी जागा, मग खड्.

मी डोळे मिटले.
"सुई वर घे," म्हटलं,
"अर्ध्या केसाएवढी. नाही, एवढी नाही."