पाव इंच

स्कोअरची वही माझ्या हातात असायची,
म्हणून मला खेळता येत नाही
हे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

उद्यमबागेत, कोकच्या ढिगामागं,
मोल्डिंगची जळकी वाळू अंथरून
मालकांनी मैदान केलं. संघ पगारी.
हजेरीपटावर फिटर, हेल्पर, पंप ऑपरेटर,
आणि चारचा भोंगा झाला
की हाफ पँटीतले पाच जण.

रिंग आणायची तर पुण्याहून.
मालक म्हणाले, आपण बीड ओततो की नाही?
मग आप्पय्या बडिगेरनं सागवानी पॅटर्न केला,
अठरा इंच, काटेकोर, कानावर पेन्सिल.
ओतलेलं बीड गार होताना आक्रसतं,
तेवढी जागा आधी धरायची असते,
हे फौंड्रीतल्या कुत्र्यालाही ठाऊक.
आप्पय्या विसरला.
ह्याची मला पुढं शंका आली.

सटुप्पा हलगेकर, गाव किणये.
दारातून वाकून यायची सवय,
मैदानातसुद्धा थोडा वाकलेलाच.
फक्त उडी घेताना सरळ व्हायचा,
तेव्हा कळायचं, केवढा माणूस आहे.
दस्तगीर मकानदार बुटका,
चेंडू जमिनीलगत असा न्यायचा
जसं कढईतलं दूध कुणाला न दाखवता न्यावं.
कॅम्पातल्या आंतोन लोबोनं
नियमांचं पुस्तक एकट्यानं वाचलेलं,
सगळ्यात जास्त फाऊल त्याच्याच नावावर.
इराप्पा तळवार, बैलहोंगलकडचा, ओरडायचा, "हाक!"
कन्नडात ते टाक, आमच्यात ती साद.
सटुप्पा दोन्ही ऐकायचा
आणि चेंडू सोडायचा.
पाचवा दर वर्षी बदलला.
त्यांची नावं वहीत आहेत, चेहरे नाहीत.

घरच्या मैदानात बावीस-एकोणीस, सतरा-चौदा,
पाहुणेही चुकायचे, आम्हीही.
चेंडू काठावर बसून विचार करायचा
आणि बाहेर पडायचा.
हुबळीला मात्र एक्क्याऐंशी. गदगला चौऱ्याहत्तर.
मिरजेला तर पंचांनी रिंग उतरवून मोजली,
ती बरोबर निघाली.
लोक म्हणाले, घरी शेळी, दारी वाघ.
मालकांनी वाघाचं चित्र बनियनवर छापून घेतलं,
धुण्यात त्याचं मांजर झालं.

एका डिसेंबरात कोल्हापूरची फायनल.
कोगनोळी नाक्यावर गाड्यांची रांग,
कुठल्याशा पाटीवरच्या अक्षरांवरून बंद.
काचा फुटायच्या आत ड्रायव्हरनं बस
उसाच्या फडाआड घातली.
सटुप्पा आणि इराप्पा टपावर बसले,
एक विडी दोघांत,
एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलावं
हे त्या दिवशी पहिल्यांदाच न सुचल्यासारखे.
वहीत मी लिहिलं, सामना झाला नाही.
कारणाचा रकाना अजून कोरा आहे.

पुढं सटुप्पाला बेंगळूरच्या बँकेनं नेलं.
पहिल्या पत्रात त्यानं लिहिलं,
इथली रिंग मोठी वाटते, झोप येत नाही.
दुसरं पत्र आलं नाही.
दस्तगीरचा गुडघा गेला. आंतोन गोव्याला, बहिणीकडं.
भट्टी विझली तेव्हा पाऊस होता की थंडी,
मला आठवत नाही, वहीत हवामानाचा रकाना नव्हता.

भंगाराच्या लिलावात मी रिंग घेतली, किलोच्या भावानं.
आता न्हाणीघरात ती हंड्याखाली असते.
बायको म्हणते, एवढी घट्ट बसणारी चुंबळ बाजारात मिळत नाही.
एका रविवारी हंडा उचलून टेप लावला.

मग गोकाकची बस धरली.
आप्पय्या लेकाकडं असतो, ऐकू येत नाही,
मला ओळखलं की नाही कळेना.
मी अंगठा आणि बोट धरून
त्याच्या डोळ्यांसमोर पाव इंच दाखवला.
तो बराच वेळ बघत राहिला,
नुसताच, लाकडाची शीर बघावी तसा.
मग थरथरत्या हातानं
माझी बोटं आणखी जराशी जवळ आणली.