नाकाचं चाक

जबाबाचा कागद हिंदीत आहे.
"घटना का विवरण", खाली अकरा ओळी.
मावेल तेवढं तिथे लिहिलं.
उरलेलं इथे.

सकाळी सात चाळीस. बिजासनच्या टेकडीवर
घंटा वाजत होती. वारा पश्चिमेचा,
खांबावरची वाऱ्याची पिशवी अर्धी भरलेली.
हर्षाली पाटीदार, देपालपूरची, वय एकोणीस,
एकटीनं उडायची तिसरी खेप.
बाप मोटारपंप दुरुस्त करतो.
तिला सोडायला आला की फाटकाबाहेर
स्कूटरवर बसून नुसतं इंजिन ऐकतो.
एकदा मला म्हणाला होता,
"साब, तीन नंबर का सिलेंडर जरा भारी बोलता है."
खरंच बोलत होता.

पहिला टेका बरा होता,
जरा जोरात, इतकंच.
विमान पुन्हा उचललं गेलं, माणूसभर.
तिनं घाईनं नाक खाली दाबलं.
सगळेच दाबतात. हात शहाणा व्हायला
पन्नास तास लागतात.
दुसरी उसळी पहिल्याहून उंच.
मी हँगरच्या दारात, हातात चहा,
आणि तोंडातून निघालं, "सोड गं, सोड, वर जा,"
जणू तिला ऐकूच जाणार होतं.
तिसऱ्यांदा आधी नाकाचं चाक टेकलं.

आवाज मोठा नव्हता.
रिकामं पिंप कुणी फरशीवरून ओढावं, तसा.
पंख्याची पाती धावपट्टीला लागून वळली,
विमान नाक घासत गेलं साठ-सत्तर पावलं
आणि गवतात तिरकं थांबलं, शेपूट वर,
वर्गात ओणवं केलेल्या पोरासारखं.

आता जे अकरा ओळींत नाही, ते.

बंब निघाला, कॅप्टन गोरवाडकर धावले,
फाटकापाशी स्कूटर आडवी पडली.
मीही धावलो.
माझ्या डोक्यात मुलगी नव्हती.
माझ्या डोक्यात एक पिन होती.
काल संध्याकाळी पावणेसहाला
नाकाच्या चाकाचा काटा मीच बसवला,
बोल्टची पिन मीच घातली, वहीत सही माझी,
आणि नेमका तेव्हाच घरून फोन आला होता,
गॅसचा नंबर लावलात का म्हणून.
पिन वाकवली ना मी?
वाकवली ना?
अख्खी धावपट्टी मी एवढंच पळालो.

पोर स्वतःच उतरली.
ओठ फुटलेला, हनुवटीवर रक्त,
हातात चेकलिस्टची प्लॅस्टिकची पट्टी घट्ट.
स्विच बंद केले, म्हणाली. पेट्रोल बंद केलं.
मग माझ्याकडे वळून,
"पागनीस सर, ये ठीक हो जाएगा ना?"
मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.
वाकलो, विमानाच्या पोटाखाली शिरलो,
तेलाच्या वासात, गरम गवतात हात घालून चाचपलं.

पिन होती. वाकवलेली.
मी वाकवतो तशीच, डावीकडे थोडी जास्त.
काटा तिच्या वरती मोडला होता, भारानं.

मला हसू आलं.
देवाशपथ, तिथे आडवा पडून
मी एकटाच हसलो,
बत्तीस वर्षांची नोकरी वाचलेला माणूस.

मग समोर तिचे बूट दिसले.
त्यांच्यापुढे येऊन थांबलेल्या चपला,
एकीचा अंगठा तुटलेला.
कुणी काही बोलत नव्हतं.
बूट थरथरत होते, चपला नव्हत्या.

बाहेर आलो, हात पुसले. पुसले तरी काळेच.
तिचा बाप वळलेल्या पात्यावरून
तळवा फिरवत होता,
तापलेल्या कपाळावरून फिरवतात तसा.
"इंजिन खोलना पड़ेगा," मी म्हणालो,
दुसरं काय म्हणावं सुचेना.
त्यानं मान हलवली.
खिशातून रुमाल काढला, घडीची आतली बाजू
वर करून लेकीची हनुवटी पुसली,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"फिर तीन नंबर भी देख लेना."