बादल्या किती आहेत?

हेल्वेबाईंनी सांगून टाकलं : गुडघा गेला,
येत्या वसंतात मी नाही.
एकोणीस वर्षं त्यांनी बेडूक रस्त्यापार नेले
एस्टोनियातल्या या गावात,
जिथे बर्फ वितळून पहिली ओली रात्र आली
की जंगलातून तळ्याकडे निघतं सारं बेडूककुळ
आणि मध्ये आडवा येतो डांबरी रस्ता,
ओंडक्यांचे ट्रक.

वाचनालयात आम्ही नऊ जण.
टेबलावर काळा पाव, खारवलेले मासे
आणि त्यांची वही : तारीख, तापमान, जिवंत, मेलेले.
शेवटच्या रकान्यात पेन्सिल जरा दाबून चाललेली.

कोण घेईल?
उर्मासला चहाच्या कपात अचानक काहीतरी दिसलं.
मारिटचं बाळ अजून लहान
(बाळ यंदा शाळेत जाईल).
आइवर म्हणाला, समिती नेमू.
मी खिडकीबाहेर पाहिलं,
जणू तिथे माझ्याच नावाचा दुसरा कोणी उभा होता
आणि हात त्याने वर करायचा होता.

कौतुक मात्र भरभरून झालं.
अंग काढून घ्यायचं तर
कौतुकाइतकी सभ्य वाट नाही.
हेल्वेबाई ऐकत राहिल्या
गुडघ्यावर हात ठेवून,
दमलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर ठेवावा तसा.

काहीच न ठरता खुर्च्या सरकल्या.
दाराशी राइवो किल्ल्या घेऊन थांबलेला.
त्याची बायको ग्रंथपाल, तिला ताप,
म्हणून तो नुसता कुलूप लावायला आलेला.
खाकरून म्हणाला,
बादल्या किती आहेत?

अकरा. दोन गळक्या.
गळक्या चालतात?
बेडकांना चालतात, हेल्वेबाई म्हणाल्या,
आणि मग, अगदी हळू : तू तर ओंडक्यांचा ट्रक चालवतोस.
हो, म्हणाला. त्या रात्री मी रेडिओ मोठा करतो.
चाकाखाली आवाज येतो ना.

पाव कापायची सुरी कोणीतरी उगाच पुसली.
टाळ्या वाजल्या नाहीत, बरं झालं.
त्यांनी वही त्याच्याकडे सरकवली.
त्याने उघडली नाही,
जाकिटात, बनियनच्या बाजूला, खोचली
आणि विचारलं, दिवे मालवू?

बाहेर उणे चार. बेडूक अजून मातीत, दगडासारखे.
राइवोचा ट्रक चालू व्हायला वेळ घेत होता.
पडवीतली एक गळकी बादली
मी घरी घेऊन आलो.
का, ते विचारू नका.
हातात काहीतरी हवं होतं.