मोजणी

शेंडा पार्कच्या मागच्या झाडीत
रंगराव मिठारी थांबतात, मान वर.
उद्यमनगरात अडतीस वर्षं लेथ;
बारीक आवाज सगळे तिथंच राहिले,
लोखंडाच्या किसात.

"तांबट येतोय ऐकू," म्हणतात.
"त्यो आपल्यातलाच, ठोक्याचा माणूस.
शिंजीर न्हाई येत."

नौशीन शिकलगार वही धरून.
हळद्या दोन.
नाचण एक, शेपटीचा पंखा
उघडून, मिटून, परत उघडून.
सुबाभळीवर चष्मेवाल्यांचा थवा, बारा? चौदा?
"बारा लिव्ह. उगं फुगवू नगं."

वडातून धनेशाची जोडी निघते
तेव्हा दोघंही गप्प.
पंखांची ती जड धाप
त्यांच्यापर्यंत पोचली का,
ती विचारत नाही.
पलीकडं ट्रक, कुठल्याशा गुऱ्हाळाचा वास,
आणि कुणीतरी टाकलेली गादी,
तिच्यावर साळुंक्या, सात, भांडत.

मग करंजात काहीतरी किणकिणतं,
इतकं बारीक की हवेवर चरा उठावा.
ती बोट करते.
त्यांना दिसतं एक पान,
वाऱ्याविना हललेलं.

"कसा वाजतोय?"

नौशीन शोधते. ओठांनी करून बघते, जमत नाही.
"काका, अब्बा कात्रीला धार लावतात ना,
शेवटच्या फेऱ्याला
दगड जेमतेम टेकतो,
तसा."

रंगराव डोळे मिटतात.
बराच वेळ.
"हां," म्हणतात. "लिव्ह. शिंजीर, एक."

ती लिहिते.
चार पावलांवर ते पुन्हा थांबतात:
"दोन असतील बघ."