पात्र

कचऱ्याची गाडी सव्वासातला गाणं वाजवत येते
आणि नाल्यावरच्या पुलापाशी, गाणं न थांबवता,
मागे वळते.
तिथवर इंदूर.
पुढे आम्ही.

बँकेच्या माणसानं विचारलं, गाव ग्रामीणमध्येच ना?
मी म्हटलं, साहेब, आमचा कचरा आम्हीच जाळतो.
तो हसला नाही.
रकान्यात बरोबरची खूण केली.

नाव त्यानं रेखा वाघमोडे लिहिलं होतं.
रेवा, मी म्हटलं, रेवा. नर्मदेचं नाव आहे.
खोडून घेतलं.
एवढ्या एका अक्षरानं आधार एकीचं होतं,
खातं दुसरीचं,
आणि घर तिसरीच बांधते.

मागच्या खेपेला अपात्र ठरले होते.
कारण: मोटारसायकल.
ती मागे शेडमध्ये आहे, पुढचं चाक नाही,
सीटवर कोंबडी बसते, गादीच्या भोकात अंडी घालते.
ह्यांच्या नावावर होती. हे जाऊन सहा वर्षं झाली.
कागदावर अजून धावते म्हणे.
आरटीओत चार चकरा मारल्या तिला थांबवायला.
चौथ्या खेपेला शिक्का बसला तेव्हा
उगाच रडू आलं खिडकीपाशी,
मागचा माणूस म्हणाला, बाई, सरका.

उत्पन्नाचा दाखला?
बिस्किटांच्या डब्यात तीन वर्षांच्या चिठ्ठ्या,
सीतलामाता बाजारच्या शेटजींच्या हातच्या.
परकर नग साठ.
परकर नग पंचेचाळीस.
दिवाळीआधी एकशे दहा.
एका चिठ्ठीवर नुसतं ‘बाकी’.
साहेबानं एकेक चिठ्ठी तळव्यानं सरळ केली, फोटो काढला,
खाली पडलेला दोऱ्याचा तुकडाही उचलून
परत डब्यात ठेवला.
तेव्हा वाटलं, होईल कदाचित.

आणि जागेचा कागद.
तो तर परवापरवापर्यंत नव्हताच कुणाकडे.
आजेसासऱ्यांनी इथं बैल बांधला म्हणून जागा आमची,
एवढंच.
मग पटवारी फक्कीची पोती घेऊन आला,
आपापल्या घराभोवती रेघ मारा,
वरून फोटो निघणार आहे.
सगळं पिपल्या रांगोळी घातल्यासारखं झालं.
धाकट्या दिरानं रेघ मारताना वीतभर आमच्यात घेतली.
मी पाहिलं.
मी पाहिलं हे त्यानंही पाहिलं.
वर ते यंत्र गांधीलमाशीसारखं घोंघावत होतं,
भांडायला वेळ नव्हता.
मी पायानं रेघ पुसली, नवी मारली,
वीत नाही, चार बोटं सोडून.
ती चार बोटं आता कायमची त्याची.
त्यावर तो आजवर अवाक्षर बोललेला नाही.
पण जामीन कोण राहणार, असं विचारल्यावर
ओसरीत सगळे आपापल्या चपला बघत असताना
उठला तोच,
आणि म्हणाला, सही कुठं?

काल निरोप आला मोबाइलवर.
मुलीनं वाचला. हिंदीत होता,
पण तो शब्द इकडेतिकडे सारखाच: पात्र.
दोनदा वाचून घेतला.
नाल्यालाही पात्र असतं,
वर्षातले आठ महिने कोरडं,
त्याला कुणी दाखला मागत नाही.

हप्ता चोवीसशे.
परकराला आठ रुपये,
म्हणजे महिन्याला तीनशे परकर नुसते भिंतींसाठी,
खाणंपिणं वेगळं.
पंधरा वर्षं.
मी छप्पन्नची होईन, मशीन माझ्याहून म्हातारं.

मिस्त्रीनं विचारलं, खिडकी कुठं काढू?
शिवायच्या टेपनंच मापून दाखवली,
नाल्याच्या अंगाला.
तो म्हणाला, बाई, तिकडून वास येईल.
येऊ दे.
सकाळी मशीनवर बसल्या बसल्या
ती गाडी कुठून वळते ते दिसलं पाहिजे.
शहर सरकतं म्हणतात.
पुलावर कुणी नवी रेघ मारायला आलं,
तर मला आधी कळावं.