सगोत्र नको

अल ऐनमध्ये पहाटे साडेचारला
कुणी कुणाकडे शेण मागत नाही.
मी मागते.

गुलझमान गजांमधून पिशवी पुढे करतो,
अजून कोमट, लसूणघासाच्या वासाची.
मी मार्करने लिहिते: रिमाल, मादी, वय चौदा, तारीख.
मिरजेला आई गोठ्यात कोपरापर्यंत हात घालायची
तेव्हा नाक मुरडून मी बी.एस्सी.ला गेले.
आता त्याच वासाचे मला दिरहम मिळतात,
आणि फोनवर सांगते, लॅबमध्ये असते गं मी.
खोटं नाही ते.

काळ्या गेंड्यांच्या पत्रिका
दूरच्या कुठल्या देशातल्या संगणकात असतात.
कुणाची आजी कुठल्या रानात धरली,
कुणाचा बाप कुणाच्या आईचा भाऊ,
सगळं तिथं मांडलेलं.
सगोत्र नको, एवढंच बघतात.
गुण जुळवायचे म्हणून रिमालला विचारलं असतं
तर तुंबाला तिनं दारातही उभं केलं नसतं.
पहिल्या भेटीत तिनं त्याची बरगडी सोलली.
दुसऱ्या भेटीत लोखंडी फाटक वाकलं.
डॉक्टर इहसान म्हणाले, सुरुवातीला होतं असं.
ताईच्या वेळी
मामाही हेच म्हणाले होते.

पाचव्या भेटीत कॅमेऱ्यावर रात्रभर
दोन करडे दगड, एकमेकांना टेकलेले.
शिंगं दोघांचीही आधीच कापलेली.
नखच ते, दुखत नाही, म्हणतात.
नाकावरचं ते कोरं वर्तुळ
ती अजूनही खांबावर घासते,
धार लावल्यासारखी.

तीन महिने आलेख जमिनीलगत चालला.
मंगळवारी चढला.
मी नमुना पुन्हा लावला.
पुन्हा चढला.
गुलझमानला सांगितलं तेव्हा त्यानं
पाण्याचा फवारा बंद केला, चालू केला,
पुन्हा बंद केला,
बाहेर अठ्ठेचाळीस अंश.
किती राहिले, त्यानं विचारलं.
बारा महिने.
तो बोटांवर मोजत राहिला.
त्याचा व्हिसा दहात संपतो,
हे त्यानं म्हटलं नाही, मीही नाही.

जे येईल त्याला
पाऊस म्हणजे हा नळच वाटणार.
ज्या रानासाठी एवढा खटाटोप
ते तोवर उरेल का,
पत्रिकेत तसा रकाना नाही.

फ्रीजरमध्ये उणे ऐंशीवर
माझ्या चार वर्षांच्या पहाटा रचलेल्या आहेत,
माझ्याच अक्षरात.

रात्री आईचा फोन. काय जेवलीस?
मी म्हटलं, रिमालला दिवस गेलेत.
ती जरा थांबली.
कोण गं ही? तिकडचीच का?
मग आवाज खाली आणून,
जसं शेजारणीबद्दल विचारायची तसं,
सासरी आहे की माहेरी?